जिल व्हॅलेंटाइनचा खमकेपणा तिच्या खिशात आहे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही तिघं मिळून एक सर्व्हायव्हल हॉरर गेम करताय, म्हणजे मोजक्या साधनांत जीव वाचवायचा भीतीचा गेम. नायिका वायरमन आहे आणि बंद पडलेल्या साखर कारखान्यात रात्री एकटी अडकली आहे. तिला दणकट केली की टेस्ट करणारे म्हणतात, भीतीच वाटत नाही. तिची ताकद कमी केली की म्हणतात, ही नुसती किंचाळत पळते. मग 'रेसिडेंट ईव्हिल' या गेममालिकेतल्या जिल व्हॅलेंटाइन या नायिकेला हे कसं साधलं?

मी लेव्हल डिझाइनचं काम करते, त्यातला बराच काळ हॉररमध्येच गेला आहे, आणि जिल हा माझा जुना अभ्यासाचा विषय. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी मुद्दा सांगून टाकते. तुम्ही खमकेपणा ठेवलाय हेल्थच्या आकड्यात आणि संवादात. जिलचा खमकेपणा तिच्या खिशात आहे: ती किती सामान वागवू शकते, कुठलं काम तिला येतं, आणि तेवढ्यावर खेळणाऱ्याला काय काय ठरवावं लागतं. हॉररमधली भीती तुटवड्यातून येते. खमकेपणा त्याच तुटवड्यात निभावून नेण्यातून येतो. दोघांचं मूळ एकच असल्यामुळे एक वाढवलं की दुसरं घटलंच पाहिजे असं काही नाही. तुमच्या गेममध्ये ते घटतंय, कारण तुम्ही तुटवडाच कमी-जास्त करताय आणि त्यात तिने करायचं काय, हे ठरवलेलं नाही.

जिलच्या आधी काय होतं ते बघा, म्हणजे फरक कळेल. 1992 च्या 'अलोन इन द डार्क'मध्ये एमिली हार्टवूड निवडता येत होती. पण एमिली घ्या की एडवर्ड कार्नबी, हवेली तीच, कोडी तीच, मारामारी तीच. बाई निवडली हे फक्त पडद्यावर दिसायचं. 1995 मध्ये निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर 'क्लॉक टॉवर' नावाचा गेम आला. त्यातल्या जेनिफरच्या मागे मोठी कात्री घेतलेला पोरगा लागतो. तिच्याकडे शस्त्र नाही. पळायचं, लपायचं, अगदी हातघाईवर आलं की पॅनिक बटण बडवायचं. भीती पुरेपूर, पण जेनिफर आठवते ती पळताना. तुमच्या टेस्टरना दुसऱ्या खेपेला बहुतेक हेच दिसलं असणार.

तिसरा धागा मात्र फार मोलाचा आहे आणि त्याच्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. 1989 मध्ये कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने फॅमिकॉम या त्याच्या आधीच्या कन्सोलवर 'स्वीट होम' काढला, त्याच नावाच्या जपानी सिनेमावरून. दिग्दर्शक तोकुरो फुजिवारा. त्यात पाच जण एका हवेलीत अडकतात आणि प्रत्येकाकडे एकेक खास वस्तू असते: एकाकडे लायटर, एकाकडे कॅमेरा, एकीकडे औषधांची पेटी, एकीकडे चक्क व्हॅक्यूम क्लीनर, आणि एमी नावाच्या मुलीकडे किल्ली. कुलूप लागलं की एमी लागते. पुढे हेच फुजिवारा पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल'चे निर्माते झाले, दिग्दर्शन शिंजी मिकामींकडे गेलं, आणि 1996 च्या मार्चमध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या त्या गेममध्ये कुलूप उघडण्याची हत्यारं घेतलेली जिल अवतरली. मला ती एमीची थोरली बहीणच वाटते.

आता पहिला गेम. 24 जुलै 1998 ची रात्र, रॅकून सिटीजवळचे आर्कले डोंगर, स्पेन्सरची हवेली. शहराच्या पोलिस दलातलं स्टार्स नावाचं खास पथक तिथे अडकतं. सुरुवातीला तुम्ही क्रिस रेडफिल्ड घ्यायचा की जिल, हे विचारतात. क्रिसचं शरीर दणकट, तो जास्त मार सोसतो. पण त्याला सामान ठेवायला सहा जागा, आणि सुरुवातीला हातात फक्त सुरी. जिल लवकर जखमी होते. तिला आठ जागा, हातात बेरेटा पिस्तूल, आणि थोड्याच वेळात पथकातला सहकारी बॅरी बर्टन तिच्या हातात लॉकपिक, म्हणजे कुलूप उघडायचं हत्यार, देतो. तेव्हाचा त्याचा संवाद, कुलपं उघडण्यात तू उस्ताद आहेस अशा थाटाचा, पुढे जगभर चेष्टेचा विषय झाला. अभिनय हसण्यासारखा आहेच. पण डिझाइनच्या दृष्टीने त्या वाक्यात तिची अख्खी ओळख आहे: ही बाई अमुक काम जाणते.

दोन जागा जास्त म्हणजे काय, हे आकड्यावरून कळत नाही. सेव्ह रूम म्हणजे गेम सेव्ह करायची सुरक्षित खोली. तिथल्या सामान ठेवायच्या पेटीसमोर उभ्या असलेल्या जिलची इन्व्हेंटरी, म्हणजे जवळच्या सामानाची यादी, उघडून बघा. पिस्तूल, त्याच्या गोळ्या, शॉटगन, तिची काडतुसं. चार जागा गेल्या. एक हिरवी वनस्पती, जखमेसाठी. टाइपरायटरवर गेम सेव्ह करायचा तर शाईची रिबन लागते, तीही मोजकी मिळते आणि एक जागा खाते. झाल्या सहा. हवेलीतल्या दारांची एक किल्ली. सात. उरली एक. पुढच्या खोलीत कोड्याची एखादी वस्तू उचलायची असेल तर ती या एका जागेत बसणार, आणि वाटेत काडतुसं सापडली तर ती मागे सोडावी लागणार. क्रिसला याच हिशोबात दोन कमी, वर लहानसहान कुलपांसाठी सुट्या किल्ल्याही वागवायच्या. जिल तिथे लॉकपिक काढते आणि पुढे जाते.

खेळणारा पेटीसमोर उभा राहून जे करतो तो खरा हॉरर गेम. रिबन ठेवू की वनस्पती? मी टेस्ट बघते तेव्हा लोकांच्या चेहऱ्याकडे कमी आणि पात्राकडे जास्त बघते. पात्र दारासमोर येऊन थबकलं, इन्व्हेंटरी उघडली, मिटली, पुन्हा उघडली, की समजायचं भीती कामाला लागली. किंचाळणं हा फार तर आवाज. आणि तो निर्णय घेऊन खेळणारा दार उघडतो, तेव्हा त्याच्या डोक्यातली सगळी सावधगिरी जिलच्या नावावर जमा होते. पडद्यावरची ती आकृती तर फक्त उभी असते! पण बघणाऱ्याला वाटतं, काय थंड डोक्याची बाई आहे.

ती आकृती हलते कशी, हेही यात येतं. पहिल्या प्लेस्टेशनची ताकद तुटपुंजी. म्हणून मागची दृश्यं आधीच रंगवून ठेवलेली, कॅमेरा एका कोपऱ्यात खिळवलेला, आणि पात्र तेवढं त्रिमितीय. कॅमेरा बदलला तरी दिशा गोंधळू नये म्हणून ते टँक कंट्रोल: वरचं बटण म्हणजे पात्राच्या नाकासमोर, डावं-उजवं म्हणजे जागच्या जागी वळणं. आजच्या पोरांना हे असह्य होतं, मलाही रोज आवडेल असं नाही. पण त्यामुळे वळायला वेळ लागतो, गोळी झाडायला थांबावं लागतं, आणि झाँबी येत असताना थांबून नेम धरणं ही कृती आपोआप धाडसाची ठरते. पाय रोवून उभं राहणं हेच मुळी तिथे धैर्य आहे. तुमच्या नायिकेला पळता पळता गोळ्या झाडता येत असतील तर हे सुख गेलं.

पहिल्या गेमची खोट कुठे आहे, तेही सांगते, कारण तुमच्याही गेममध्ये रेडिओवरचा एक वरिष्ठ आहे. जेवणाच्या खोलीपलीकडच्या बोळात पहिला झाँबी पथकातल्याच केनेथच्या प्रेतावर वाकलेला दिसतो, सावकाश मान वळवून बघतो. जिलला घेऊन तुम्ही मागे पळालात तर बॅरी त्याला आपल्या मॅग्नमने उडवतो. पुढे भिंतीवरची शॉटगन काढली की शेजारच्या खोलीचं छत खाली यायला लागतं, तिथेही बॅरी दार फोडून तिला ओढतो. त्यावरचा त्याचा, थोडक्यात 'जिल सँडविच' व्हायची वाचलीस, हा विनोद तुम्ही ऐकलाच असेल. लागोपाठ दोनदा बाईला पुरुषाने वाचवलं की खमकेपणाला उतरती कळा लागायला हवी. तेवढी लागत नाही, याचं कारण बॅरीच्या मदतीला एक गाठ आहे. तो पथकाचा प्रमुख वेस्कर याच्या धाकाखाली आहे, हवेलीत काहीतरी लपवतोय, आणि जिलला त्याचा वास येतो. म्हणजे मदत घेताना खेळणाऱ्याला ठरवावं लागतं, या माणसावर किती भरवसा ठेवायचा. तुम्ही काय केलंत यावर बॅरी जगतो की मरतो हेही ठरतं. शिवाय जिलच्या कथेत शेवटी कोठडीत अडकलेला असतो क्रिस, आणि त्याला सोडवायचं की नाही हे तुमच्या हातात. क्रिसच्या कथेत जिल कोठडीत. फिटंफाट.

तरीही माझं मत विचाराल तर छताचा प्रसंग फुकट गेलेला आहे. तिच्याकडे लॉकपिक आहे, बंद दार आहे, वेळ कमी आहे. याहून चांगली संधी कुठली? याच्या उलट उदाहरण त्याच हवेलीत आहे. बारमध्ये पियानो आहे आणि 'मूनलाइट सोनाटा'ची सुरावट सापडते. जिल बसते आणि वाजवते. गुप्त दार उघडतं. क्रिसला ते येत नाही, त्याच्या कथेत रेबेका चेंबर्स या सहकारी मुलीला सराव करत बसावं लागतं. स्फोटकं हाताळणारी, कुलपं उघडणारी पोलिस बाई मध्येच पियानोही वाजवते, यावर गेम एक शब्द बोलत नाही. पात्र उभं करायला एवढं पुरतं.

जिल खऱ्या अर्थाने मोठी झाली ती तिसऱ्या भागात, सप्टेंबर 1999 मध्ये. दिग्दर्शक काझुहिरो आओयामा. हा गेम आधी मुख्य मालिकेतला म्हणून आखलेलाच नव्हता, बाजूची एक छोटी कथा होती, नंतर तिला तीन नंबर मिळाला. कदाचित म्हणूनच त्यात नवे प्रयोग करायची मोकळीक होती. कथा 28 सप्टेंबर 1998 ला सुरू होते. जिल पथकातून बाहेर पडली आहे, शहर झाँबींनी भरून हातचं गेलं आहे, आणि ज्या विषाणूने माणसांचे झाँबी झाले तो बनवणाऱ्या अम्ब्रेला कंपनीने स्टार्सच्या उरलेल्या माणसांना संपवायला नेमेसिस नावाचा प्राणी सोडला आहे. बॅरी नाही, क्रिस युरोपात गेलेला.

पोलिस स्टेशनच्या अंगणातला प्रसंग तुम्ही पुन्हा एकदा नीट खेळून बघा. पथकाचा जुना पायलट ब्रॅड विकर्स जखमी अवस्थेत लडखडत येतो. नेमेसिस त्याला जिलच्या डोळ्यांदेखत मारतो आणि तिच्याकडे वळतो. पडदा पांढरा होतो, दोन पर्याय येतात: लढायचं, की स्टेशनात शिरायचं. निवडायला थोडेच क्षण, आणि नाहीच निवडलं तर गेम तुमच्यासाठी थांबून राहत नाही. खेळाच्या सुरुवातीलाच, हातात बहुधा पिस्तूल असताना हा प्रश्न येतो. आत पळालात तर काही बिघडत नाही, तो शहाणपणाच आहे. लढून त्याला खाली पाडलंत तर तो काही सामान टाकतो. हार्ड मोडमध्ये अशा चकमकींतून हत्यारांचे सुटे भाग मिळतात, ते जोडून चांगली बंदूक होते. पण गोळ्या आणि वनस्पती जाळून. आणि तो मरत नाही, थोड्या वेळाने पुन्हा येतो.

इथे डिझाइनरने काय केलं बघा. पळण्याला लाज चिकटवली नाही, लढण्याला सक्ती चिकटवली नाही. दोन्हींना किंमत लावली. जिल पळाली तरी ती हिशोबी वाटते, लढली तरी अविचारी वाटत नाही, कारण किंमत मोजून ठरवलेलं आहे. तुमच्या गेममध्ये लढणं नेहमीच तोट्याचं आहे, त्यामुळे पळणं हा निर्णय उरतच नाही, ती सवय होते. तुमचे टेस्टर 'नुसती पळते' म्हणतात त्याचं मूळ इथे आहे असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट दारांची. आधीच्या भागांत खोलीतून बाहेर पडलं की पाठलाग सुटायचा. दार उघडण्याचं ते सावकाश ॲनिमेशन खरं तर डिस्कवरून पुढची खोली लोड होईपर्यंतची सोय होती, पण खेळणाऱ्यासाठी तो दम घ्यायचा क्षण झाला होता. नेमेसिस दार ओलांडून मागे येतो. इतकी वर्षं सुरक्षित वाटलेली सोय एका फटक्यात काढून घेतली. मात्र बदल्यात जिलला काय दिलं? मागे गर्रकन वळायची युक्ती आणि ऐनवेळी अंग चोरून वार चुकवणं. वार चुकवण्याची वेळ पकडणं कठीण आहे, मला अजूनही दर वेळी जमत नाही. शत्रूला एक जास्तीचा अधिकार आणि नायिकेला एक अवघड कौशल्य, हा व्यवहार लक्षात ठेवा. अवघड हा शब्द महत्त्वाचा. सोपं कौशल्य दिलं असतं तर नेमेसिस दोन भेटींत विनोदी झाला असता.

तिसरी गोष्ट बारुदाची, आणि ही मला सगळ्यात आवडते. तिसऱ्या भागात जिल गोळ्या स्वतः बनवते. ए आणि बी प्रकारचं बारूद सापडतं, ते मिसळून सी होतं, आणि छोट्या यंत्रातून पिस्तुलाच्या, शॉटगनच्या किंवा ग्रेनेड लाँचरच्या गोळ्या तयार करायच्या. कशाचं काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. एकाच प्रकारच्या गोळ्या पुन्हा पुन्हा बनवल्या की काही काळाने तिला त्याच बारुदातून जास्त जोरकस गोळ्या बनवता येऊ लागतात. म्हणजे हाताला सराव होतो! लेव्हल वाढली, गुण मिळाले, असा कुठला फलक नाही. कामातून कसब आलं, एवढंच. शहर जळतंय आणि ही एका कोपऱ्यात बसून बारूद मोजतेय, हे चित्र कुठल्याही कटसीनपेक्षा, म्हणजे मध्येच नुसत्या बघायच्या चित्रफितीपेक्षा, तिच्याबद्दल जास्त सांगतं.

जखम दिसण्याबद्दल एक. दुसऱ्या भागापासून मालिकेने पात्राची तब्येत शरीरावर आणली: जास्त लागलं की पात्र पोटावर हात दाबून लंगडतं, वेग मंदावतो. जिल लंगडत असताना मागून नेमेसिसची ती 'स्टार्स' अशी घोगरी हाक येते आणि समोर पेटी अजून दोन रस्ते लांब असते. रडगाणं नाही, संगीतही फारसं नाही. ती चालत राहते, कारण बटण तुम्ही दाबून धरलेलं आहे. तुमच्या नायिकेचे कण्हण्याचे आवाज निम्म्याने कमी करा. चाल बदला.

मग शहरातल्या घड्याळाच्या मनोऱ्याचा, क्लॉक टॉवरचा, प्रसंग येतो (वरच्या त्या नावाच्या गेमशी याचा संबंध नाही). नेमेसिस तिला जखमी करतो, विषाणू तिच्या अंगात जातो, ती बेशुद्ध पडते, आणि खेळणाऱ्याच्या हाती कार्लोस ऑलिव्हेरा येतो. हा अम्ब्रेलाचाच भाडोत्री सैनिक, पण मनाचा सरळ. तो हॉस्पिटलमधून लस आणतो. बॅरीच्या छतापेक्षा हे मला कितीतरी चांगलं वाटतं. तिथे वाचवणारा अचानक टपकतो. इथे वाचवण्याची मेहनत खेळणाऱ्याला स्वतः करावी लागते, तीही अशा बाईसाठी जिच्यासोबत त्याने आधीचे कित्येक तास काढले आहेत. शिवाय जिल पडते ती सर्व काही करून झाल्यावर. ती 1 ऑक्टोबरला शुद्धीवर येते, आणि शेवटी नेमेसिसला संपवायचं की त्याला तिथेच टाकून निघायचं, हा पर्याय पुन्हा तिच्याकडेच येतो. त्यानंतर शहरावर क्षेपणास्त्र पडतं.

कपड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण टीममधलं कोणीतरी विचारेलच. पहिल्या भागात जिल पथकाच्या गणवेशात, खांद्यावर पॅड, डोक्यावर बेरे. तिसऱ्यात निळा ट्यूब टॉप आणि आखूड स्कर्ट. कथेत त्याची सबब आहे, ती नोकरीतून सुटलेली असते वगैरे. सबब ती सबबच. बाजाराकडे बघून केलेला तो पोशाख होता असं माझं स्वच्छ मत आहे. तरी जिल त्यातूनही तगली, कारण बाकीचा गेम तिला त्या नजरेने वागवत नाही. 2020 च्या नव्या आवृत्तीत तिला पँट मिळाली, बरं झालं. तुमच्या वायरमनला रबरी बूट आणि हातमोजे द्या, ते गेमप्लेमध्येही वापरता येतील.

2002 मध्ये मिकामींनी गेमक्यूबसाठी पहिला भाग नव्याने केला, तोच मी सगळ्या नवख्या डिझाइनरना आधी खेळायला लावते. त्यात मारलेला झाँबी काही काळाने लाल डोक्याचा, चपळ होऊन उठतो, जर त्याचं डोकं उडवलं नसेल किंवा प्रेत जाळलं नसेल. जाळायचं तर रॉकेल भरलेला डबा आणि लायटर जवळ हवा, म्हणजे पुन्हा जागांचा प्रश्न. त्यामुळे गोळी झाडण्यालाही उद्याची चिंता चिकटली. याला मारण्यापेक्षा बगल देऊन गेलेलं बरं, असा विचार खेळणारा करू लागतो. जिलला त्यात विजेचा झटका देणारं छोटं हत्यार स्वसंरक्षणासाठी मिळतं, क्रिसला त्या जागी वेगळं. वायरमनच्या गेमला हे उपयोगी पडेल.

आता उलटं उदाहरण, आणि माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही. 2009 च्या पाचव्या भागात जिल परत येते, पण वेस्करने तिच्या छातीवर एक यंत्र बसवलेलं आहे आणि ती त्याच्या हुकमाने लढते. केस पिवळे, अंगात निळा चुस्त पोशाख, भिंतीवरून उड्या, लाथा. ताकदीच्या आकड्यात बघाल तर याआधी ती इतकी बलवान कधीच नव्हती. क्रिस आणि त्याची जोडीदार शेवा अलोमार यांना तिला न मारता ते यंत्र उपटून काढावं लागतं. आणि नेमकी हीच जिल कुणाला खमकी म्हणून आठवत नाही. ती एकही गोष्ट ठरवत नाही, तिच्यावतीने तुम्हीही काही ठरवत नाही. सगळं बळ आहे आणि निर्णय शून्य. त्याआधी, कथेतल्या 2006 सालच्या प्रसंगात, क्रिसला वाचवायला ती वेस्करला घेऊन खिडकीतून खाली झेपावते, ते दृश्य काही सेकंदांचं आहे, पण तिथे ती पुन्हा ओळखीची वाटते. 2012 च्या 'रेव्हलेशन्स'मध्ये समुद्रात भरकटलेल्या जहाजावर तिला परत मूळ कामाला लावलं, तो भाग बरा आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही.

तिसऱ्या भागाच्या 2020 च्या नव्या आवृत्तीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. सुरुवात जबरदस्त: घरात एकटी जिल, झोप उडालेली, आणि आरशात स्वतःलाच झाँबी होताना बघते. हवेलीतल्या रात्रीचा धक्का तिच्या अंगात मुरलाय हे प्रथमच इतकं स्पष्ट दाखवलं. तिची जीभही तिखट झाली, नेमेसिसला शिव्या घालते, ऐकायला मजा येते. पण ते दोन पर्यायांचे पांढरे क्षण काढून टाकले. क्लॉक टॉवरच्या आत हिंडणं गेलं. नेमेसिस सुरुवातीच्या पाठलागानंतर बराचसा ठरलेल्या जागी, ठरल्या वेळी येतो. वार चुकवणं सोपं झालं, नीट जमलं तर वेळही मंदावते. जिल आता खमकेपणाने बोलते, आणि खेळणारा मात्र आधीपेक्षा कमी ठरवतो. गेम म्हणून तो देखणा आणि चपळ आहे, एका बैठकीत संपवावासा वाटतो. पण तुमच्या प्रश्नासाठी त्याची नक्कल करू नका. तुमच्या पाठवलेल्या व्हिडिओत नायिका दर दोन मिनिटांनी काहीतरी ठसकेबाज बोलते, तिथे मला याच गेमची सावली दिसली.

इतर नायिका बघायच्या असतील तर दुसऱ्या भागातली क्लेअर रेडफिल्ड बघा, कॉलेजची मुलगी, हातात लॉकपिक, बरोबर सांभाळायला शेरी नावाची लहान पोर. आणि 2014 च्या 'एलियन: आयसोलेशन'मधली अमांडा रिप्ली नक्की बघा. ती इंजिनिअर आहे, तिचं धाडस पाना-स्क्रूड्रायव्हरच्या कामातून दिसतं, आणि त्या एलियनला ती मारू शकत नाही. तुमची वायरमन तिच्या फार जवळची आहे.

तर तुमच्या गेमचं काय करायचं. हेल्थ आहे तशीच ठेवा, पहिल्या जिलसारखी थोडी कमीच. तिच्या कमरेच्या पट्ट्याला मोजक्या जागा द्या आणि त्यात वीज तपासायचा टेस्टर, पक्कड, फ्यूजची तार, बॅटरी, इन्सुलेशन टेप यांत मारामारी लावा. फ्यूजची तार मर्यादित ठेवा: तिने एकतर पुढच्या विभागातले दिवे लागतील, किंवा मळीच्या टाकीजवळचा पंप चालेल, किंवा दारातल्या लोखंडी जाळीत वीज सोडून मागच्या प्राण्याला काही मिनिटं रोखता येईल. तिन्ही गोष्टी तिलाच येतात, दुसऱ्या कुणाला आल्या नसत्या. दिवे लावले तर तिला दिसेल, पण तिलाही कुणीतरी बघेल. त्या प्राण्याला रोखण्याचा लाभ खरा असू द्या, त्याच्याजवळ काहीतरी हवीहवीशी वस्तू ठेवा, म्हणजे पळणं हा निर्णय होईल. रेडिओवरच्या वरिष्ठाला उपाय सांगू देऊ नका. त्याच्याकडे फक्त कारखान्याचा जुना नकाशा असू दे, आणि तो काही ठिकाणी चुकीचा निघू दे.

एक तांत्रिक खबरदारी. प्राण्याने दार ओलांडून यायचं ठरवलंत तर किमान एक खोली अशी ठेवा जिथे तो कधीच येत नाही, आणि ते वचन पूर्ण गेमभर पाळा. सेव्ह रूममधलं ते शांत संगीत एवढ्यासाठीच असतं. सामानाची मोजदाद करायला निवांतपणा मिळाला नाही तर खेळणारा मोजदादच सोडून देतो, आणि मग तो कुठलंही बटण दाबत पुढे पळतो.

पहिल्या दहा मिनिटांतले तिचे सगळे संवाद काढून एकदा टेस्ट घ्या. तार कुठे वापरायची यावर दोन टेस्टर एकमेकांशी वाद घालायला लागले, तर ते संवाद परत घालायची घाई करू नका.